वायर माझ्या हातात होती आणि स्क्रीनवर ‘कनेक्टेड’!

लिहायची लाज वाटतेय पण लिहितो. माझा जुना आठ चॅनेलचा फायरवायर ऑडिओ इंटरफेस आहे (माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा; फायरवायर म्हणजे यूएसबीसारखंच जोडणीचं जुनं पोर्ट), आवाज अजून खणखणीत, पण नवीन लॅपटॉपला फायरवायर पोर्टच नाही. म्हणून १,३५० ची ‘फायरवायर टू यूएसबी कन्व्हर्टर’ वायर मागवली. हसाल आता, पण फायरवायरचा स्पीड ४०० मेगाबिट आणि यूएसबी २ चा ४८०, मग यूएसबीला सहज झेपेल असं कुणालाही वाटेल ना? नाही झेपत. फायरवायरला स्वतःचा कंट्रोलर, म्हणजे ते चालवणारी वेगळी चिप, लागते, नुसत्या वायरीने काही होत नाही.

लावली, काहीच दिसेना. पाकिटावरच्या नंबरला फोन केला तर म्हणे सर, ड्रायव्हर ॲक्टिव्हेट करावा लागेल, २,९९९, वर १,५०० डिपॉझिट, ते परत मिळणार. माणूस लेटन्सी, बफर असं सगळं घडाघडा बोलत होता हो! दिला लॅपटॉपचा रिमोट, म्हणजे दुरून ताबा. हिरवी पट्टी सरकत सरकत १०० वर गेली, ‘डिव्हाइस कनेक्टेड’. आणि वायर? वायर माझ्या हातात होती! इंटरफेसचा दिवासुद्धा बंद. मी ते बघितलं, बघून गपचूप वायर खोचली आणि पैसे पाठवले. रात्रीचे अकरा, सकाळी रेकॉर्डिंग, अशा वेळी डोकं चालतं का कुणाचं?

नंतर प्लग फोडला. आत ना चिप ना सर्किट, चार तारांना डाग दिलेला, बस. सहा पिनच्या फायरवायरमध्ये ३० व्होल्टपर्यंत असू शकतात, यूएसबी ५ चं. अशी वायर घरात असेल तर लावूच नका, पोर्ट जळू शकतो.

साइटवाले म्हणे परतीची मुदत संपली. अरे, तो फोनवरचा माणूसच रोज ‘दोन दिवस थांबा’ म्हणत होता म्हणून संपली ना! बँक म्हणे ओटीपी तुम्हीच टाकलात. पोलीस चौकीत साहेबांनी विचारलं, “फायरवायर म्हणजे? शॉर्ट सर्किट झालं का?” तीनदा समजावलं, मग म्हणे ५,८४९ साठी कशाला एवढं, अर्ज द्या. दिला. झेरॉक्स आणा. आणली. मग दुसरं टेबल, तिथले साहेब जेवायला गेलेले, ते त्या दिवशी काही परत आले नाहीत.

डेस्कटॉप असेल तर आतल्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं फायरवायर कार्ड घ्या, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप बघून. मॅकला त्याच्या थंडरबोल्ट पोर्टात लागणारा खरा फायरवायर ॲडॅप्टर चालतो, पण मॅकओएस २६ मधून फायरवायरच काढून टाकलंय, तेव्हा अपडेट मारू नका. ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीचाच घ्या. रिमोट कुणालाच नाही.

अर्जाचं स्टेटस अजून ‘प्रक्रियेत’. त्या वायरीला मात्र काल नवीन चार रिव्ह्यू आलेत, चारही पाच स्टार.