मुलाच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी: घरी जाताना इंजेक्शन, वॉरफरिन की रिव्हरॉक्साबॅन?

एमआर व्हेनोग्राममध्ये (मेंदूतल्या शिरा दाखवणारा एमआरआय) गुठळी दिसली की उपचार बहुधा हेपॅरिनने, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनने, सुरू होतात. तिथे घरच्यांना निवडायचं फारसं काही नसतं. निवड येते डिस्चार्जच्या वेळी. पुढे साधारण ३ महिने, शीर मोकळी झाली नाही तर ६ महिने, रक्त पातळ ठेवावं लागतं. घर मालवणजवळच्या एखाद्या वाडीत असेल आणि तपासणीला गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल नाहीतर कोल्हापूर गाठायचं असेल, तर पावसाचाही विचार करावा लागतो.

घरी द्यायचं इंजेक्शन म्हणजे एनॉक्सापॅरिन. त्यावर जेवणाखाण्याचा परिणाम होत नाही. २ महिन्यांपुढच्या मुलाला दर किलोला सुमारे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, कातडीखाली. १४ किलोच्या मुलाला १४ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या औषधाचं ०.१४ मिली. चूक होते ती मोजताना. नारिंगी टोपीच्या यू-१०० (१ मिलीला १०० युनिट) इन्सुलिन सिरिंजमध्ये १४ युनिट म्हणजे बरोबर ०.१४ मिली. मेडिकलवाल्याने लाल टोपीची यू-४० (१ मिलीला ४० युनिट) दिली आणि तिच्यात १४ युनिट ओढले, तर ०.३५ मिली जातं. अडीचपट डोस! म्हणून टोपीचा रंग नव्हे, सिरिंजवरचा आकडा वाचा. शिवाय रक्तातली औषधाची पातळी पाहायची अँटी-टेन-ए चाचणी (डोसनंतर ४ ते ६ तासांनी, ०.५ ते १) तालुक्याच्या लॅबमध्ये सहसा होत नाही.

वॉरफरिनची गोळी स्वस्त, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायला सारखं रक्त तपासावं लागतं. एरवी पालेभाजी न खाणाऱ्या मुलाने गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर वाटीभर शेवग्याचा पाला खाल्ला की व्हिटॅमिन के-मुळे आयएनआर खाली येतो. तापावर अँटिबायोटिक दिलं की वर जाऊ शकतो. भाजी बंद करायची नाही, प्रमाण रोज सारखं ठेवायचं.

रिव्हरॉक्साबॅन हे तोंडाने घ्यायचं औषध निदान ५ दिवस हेपॅरिन झाल्यावर सुरू करतात. त्याला रक्ताची नेहमीची पातळी-तपासणी लागत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आइनस्टाइन-ज्युनिअर या त्याच्या वैद्यकीय अभ्यासात ५०० मुलं होती, त्यांतल्या ११४ जणांची गुठळी मेंदूतल्या शिरेतच होती. वजन १२ ते ३० किलोच्या आत असेल तर दिवसातून दोनदा, ३० किलोपासून पुढे एकदा, आणि तेही जेवणाबरोबर, उपाशीपोटी नको. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा, नंतर झाली तर नाही.

किडनी-लिव्हर ठीक असलेल्या, नीट जेवणाऱ्या मुलासाठी आणि दूरच्या घरासाठी आमचा कौल रिव्हरॉक्साबॅनला. ल्युकेमियाची किमो चालू असून पाठीतून पाणी काढायचं असेल, तर एनॉक्सापॅरिन. त्याचा डोस वेळेवर थांबवता येतो. अँटिफॉस्फोलिपिड आजारात (शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होतात) मात्र वॉरफरिनच बरं. शेवटचा शब्द अर्थातच मुलाच्या डॉक्टरांचा.

यातलं काहीही चालू असताना आयब्युप्रोफेन आणि दंडातलं किंवा कमरेतलं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोळ्यांचा पडदा ठरल्या तारखेला तपासून घ्या, कारण डोक्यातला दाब वाढला तर नजर जाऊ शकते. डोकेदुखी वाढली, उलट्या लागल्या, एकाचे दोन दिसू लागले किंवा झटका आला, तर सकाळची वाट न पाहता निघा.