घरं तीन, शेजार तीन: मध्यवस्ती, मधला पट्टा की शहराची वेस?

नव्या शहरात नोकरी लागली की हातात जेमतेम दोन आठवडे असतात. मोबाइलमध्ये तीन घरांचे फोटो, तीन एजंटांचे फोन आणि तिघांचंही एकच पालुपद: ‘आणखी दोन पार्ट्या बघून गेल्यात, काय ते लवकर कळवा.’ या घाईत आपण घरं ताडून बघतो. खोल्या किती, उजेड कसा, भाडं किती. पण एकाच बजेटमधली घरं आतून उन्नीस-बीसच असतात. खरा फरक दाराबाहेर असतो, आणि तो फोटोत येत नाही.

म्हणून इथे घरं बाजूला ठेवून तीन प्रकारचे शेजार समोरासमोर मांडतो. पहिली मध्यवस्ती: खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, अरुंद रस्ते, चोवीस तास जाग. दुसरा मधला पट्टा: तीस-चाळीस वर्षांपूर्वी वसलेला, झाडं वाढलेली, इमारती थोड्या थकलेल्या. तिसरी वेस, म्हणजे शहर संपतं तिथली नवीकोरी संकुलं. फाटकावर पहारा, आत बाग, बाहेर मोकळं माळरान किंवा अर्धवट रस्ता. जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात हे तीन प्रकार सापडतात. नावं तेवढी वेगळी.

माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो. शहरात ओळखीचं कुणी नसेल तर पहिलं वर्ष मधल्या पट्ट्यात, आणि तेही भाड्याने. तो सगळ्यात छान असतो म्हणून नव्हे. तिथे निवड चुकली तर सुधारणं सगळ्यात स्वस्त पडतं म्हणून.

घड्याळ

सगळ्यात मोठा फरक वेळेचा, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

सेझारे मार्केट्टी या इटालियन शास्त्रज्ञाने 1994 साली एक निरीक्षण मांडलं. त्याआधी याकोव झाहावी यांनी त्यावर बरंच काम केलं होतं. निरीक्षण असं की पायी चालणारी माणसं असोत की मोटारीतली, रोजच्या प्रवासाला सरासरी तासभराच्या आसपासच वेळ देतात. वाहनं वेगवान झाली तेव्हा माणसांनी वेळ वाचवला नाही, ती आणखी लांब राहायला गेली. वेशीवरची संकुलं उभी राहतात ती याच हिशोबावर. गडबड होते ती तास ओलांडला की.

साधं गणित करू. मधल्या पट्ट्यातून ऑफिस 20 मिनिटांवर आहे आणि वेशीवरून 55. फरक एका फेरीला 35 मिनिटांचा, जाऊन-येऊन 70. वर्षाला 240 कामाचे दिवस धरले तर 280 तास, म्हणजे आठ तासांचे 35 कामाचे दिवस. वेशीवर मिळणारी जास्तीची खोली या 35 दिवसांच्या बदल्यात आलेली असते. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जायचं असेल तर हाच आकडा 112 तासांवर येतो, आणि मग मीसुद्धा वेशीकडे वेगळ्या नजरेने बघेन.

अर्थशास्त्र म्हणतं की लांबच्या प्रवासाची भरपाई स्वस्त घर किंवा चांगला पगार यातून होत असणार, नाहीतर माणूस तो करेलच कशाला? ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर यांनी जर्मनीतल्या घरांची माहिती तपासली तेव्हा ही भरपाई काही दिसली नाही. प्रवास जितका लांब, तितकं माणसाचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. माझा यावरचा अंदाज असा: मोठ्या खोलीची सवय महिन्याभरात होते आणि ती दिसेनाशी होते, पण आज गाडी कुठे अडकेल याची सवय कधीच होत नाही.

म्हणूनच नकाशातली सरासरी वेळ फसवी. विचारायची ती वाईट दिवसाची वेळ. पन्नास मिनिटांची पण ठरलेली रेल्वे एकवेळ परवडते. चाळीस मिनिटांचा रस्ता, जो पावसात नव्वदचा होतो, तो नाही परवडत.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात उशिरा येते. बहुतेक शहरांत रेल्वे आणि बस मध्याकडून कडेकडे फुटतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. एका वेशीवरून दुसऱ्या वेशीला जायचं तर आधी आत, मग परत बाहेर. घरात दोघं कमावते असतील आणि ऑफिसं दोन दिशांना असतील, तर एका टोकाला घर घेणं म्हणजे एकाला रोज हद्दपार करणं. मध्यवस्ती किंवा मधला पट्टा दोन्ही दिशा सांभाळतो. उद्या नोकरी बदलली तरी सांभाळतो. वेशीवरचं घर मात्र एका ऑफिसाशी लग्न लावतं. तुमचं ऑफिसच त्या वेशीवर असेल तर वरचं सगळं उलटं वाचा. फक्त पगाराबरोबर ती नोकरी टिकण्याची खात्री आहे का, तेही बघा.

पायांनी मोजलेलं अंतर

माणूस तासाला साधारण 5 किलोमीटर चालतो. म्हणजे 400 मीटरला पाच मिनिटं, 800 ला दहा. अमेरिकन नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी यांनी 1929 मध्ये आखलेल्या शेजाराच्या नमुन्यात हेच पाव मैलाचं, म्हणजे 400 मीटरचं माप होतं, मधोमध शाळा धरून. कार्लोस मोरेनो यांनी 2016 पासून मांडलेलं आणि 2020 नंतर पॅरिसने उचलून धरलेलं ‘पंधरा मिनिटांचं शहर’, म्हणजे रोजच्या गरजा पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटांत भागाव्यात ही कल्पना, याच घराण्यातली.

मध्यवस्ती इथे डोळे झाकून जिंकते. मधला पट्टा मागोमाग. वेशीवरच्या संकुलांचं मात्र नकाशावर बघून कळत नाही. दुकान सरळ रेषेत 300 मीटरवर दिसतं, पण संकुलाला भिंत आणि फाटक एकच, तेही पलीकडच्या बाजूला. चालायला निघालात की किलोमीटर होतो. औषधाची एक पट्टी आणायला गाडी काढावी लागते, आणि मग गाडी काढायचा कंटाळा येऊन सगळं घरपोच मागवायची सवय लागते. त्यात वाईट काही नाही. पण सहा महिन्यांनी परिसरातला एकही दुकानदार तुम्हाला ओळखत नाही.

मोकळ्या जागेचं बघायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने सुचवलेलं माप हाताशी ठेवावं: घरापासून 300 मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवळ. इथे वेस पुढे आणि मध्यवस्ती मागे, याबद्दल वाद नाही.

कान

माझं पहिलं घर मी रविवारी सकाळी अकराला पाहिलं आणि त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम देऊन मोकळा झालो. शहराच्या कडेला होतं, खिडकीतून आभाळ दिसायचं, शांतता तर इतकी की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. सोमवारी रात्री साडेअकराला ट्रक सुरू झाले. शहरात अवजड वाहनांना दिवसा बंदी, त्यामुळे सगळी वाहतूक रात्री बाहेरच्या वळणरस्त्यावरून जायची. रविवारी ती नेमकी तुरळक असायची. एजंटाला हे ठाऊक होतं की नाही, आता कोण सांगणार. मी विचारलंच नव्हतं.

आवाजाच्या बाबतीत आपली अटकळ हमखास चुकते. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. पण सतत वाहणाऱ्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केलं तरी उतरतात जेमतेम 3 डेसिबल. म्हणजे रस्त्यापासून 20 मीटरवरचं घर सोडून 40 मीटरवरचं घेतलं तर पैसे गेले, झोप काही आली नाही. त्यापेक्षा त्याच इमारतीतला मागच्या बाजूचा फ्लॅट घ्यावा. मध्ये अख्खी इमारत आड येते, तिचा उपयोग अंतरापेक्षा जास्त. रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज सरासरी 45 डेसिबलच्या खाली असावा असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी सुचवलं. मोबाइलवरचं ॲप अचूक नसलं तरी तीन घरांत एकाच वेळी, एकाच फोनने मोजलं तर उतरंड कळते.

मध्यवस्ती गोंगाटाची हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे तिथे निदान फसवणूक होत नाही. वेस फसवते. आजूबाजूला मोकळे भूखंड दिसतात ना, तिथे पुढची काही वर्षं खोदकाम चालणार आहे.

माणसं

इथे मात्र माझा मधला पट्टा थोडा उघडा पडतो.

डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच रस्त्यांवरच्या रहिवाशांना त्यांचे मित्र मोजायला लावले. दिवसाला सुमारे 2,000 गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर प्रत्येकाला त्या रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते. 16,000 गाड्यांच्या रस्त्यावर एकाहूनही कमी. मध्यवस्तीत हमरस्त्यावरचं घर आणि आतल्या आळीतलं घर यांत हाच फरक पडतो, पत्ता एकच असला तरी.

दुसरा अभ्यास 1950 चा, लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांचा. एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लगतच्या दाराशी मैत्री जुळल्याचं प्रमाण 41 टक्के होतं. मजल्याच्या दोन टोकांच्या दारांत तेच 10 टक्के. पण ती वसाहत नवी होती आणि सगळे नवखे होते, ही गोष्ट सांगताना अनेकदा सुटते. वेशीवरच्या नव्या संकुलातही तसंच असतं. पहिल्या वर्षी सगळेच एकमेकांना ‘पाण्याचं मीटर कुठे आहे हो’ विचारत असतात, आणि त्यातून ओळखी होतात. मधल्या पट्ट्यात लोकांचे गोतावळे वीस वर्षांपूर्वीच जमलेले असतात. ते हसून बोलतात, पण तुम्हाला आत घ्यायला वेळ लागतो. एकटे असाल आणि एकटेपणा सोसत नसेल तर याचं वजन धरा.

मुलांचा प्रश्न निराळा. अमेरिकेत 1994 पासून पाच शहरांत, बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यू यॉर्क इथे, गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना सोडतीने चांगल्या वस्तीत जाण्याची मदत मिळाली. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी पुढे तपासलं तेव्हा तेराव्या वर्षाच्या आत हलवलेल्या मुलांची विशी-पंचविशीतली कमाई 31 टक्क्यांनी जास्त निघाली. तेरा ओलांडलेल्या मुलांना तसा फायदा दिसला नाही, उलट किंचित तोटाच. ती कुटुंबं अत्यंत गरिबीतून निघालेली होती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. वयाचा मुद्दा मात्र घेण्यासारखा आहे. मूल लहान असेल तर परिसर आधी. मोठं असेल तर त्याची शाळा आणि सवंगडी आधी, घर त्याभोवती शोधावं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये ‘रस्त्यावरचे डोळे’ ही कल्पना मांडली. दुकानं, खिडक्या, येणारीजाणारी माणसं रस्ता राखतात. या मापाने मध्यवस्ती चांगली, पण ती राहती असेल तर. नुसत्या ऑफिसांची असेल तर सातनंतर स्मशानशांतता. वेशीवर फाटकाच्या आत लख्ख उजेड आणि थांबा ते फाटक अंधार. रात्री दहाला त्या अंधारातून स्वतः चालून बघा, घरातल्या सगळ्यांना तिथून यायचं आहे.

पाण्याचं एक राहिलं. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. वर्षभराच्या भाडेकरूने याची फार काळजी करू नये. तीस वर्षं राहणाऱ्याला मात्र हीच शक्यता साधारण 26 टक्के होते. नवी संकुलं पुष्कळदा भराव टाकलेल्या सखल जमिनीवर असतात. तळमजल्याच्या दुकानदाराला विचारलं की भिंतीवर हात ठेवून दाखवतो, पाणी कुठवर आलं होतं ते.

मग निवडायचं कसं

भाड्यात प्रवासखर्च मिळवून बघा. शिकागोची एक संस्था, सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी, घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत असावं असा निकष लावते. स्वस्त वाटणारी वेस या बेरजेत, त्यातही दोन गाड्या लागत असतील तर, बरेचदा महाग निघते.

एकटे असाल, गाडी नसेल, नोकरी पक्की नसेल: मध्यवस्ती, पण आतल्या गल्लीत आणि मागच्या बाजूला. लहान मूल, घरून काम किंवा वेशीवरच ऑफिस: वेस. बाकी सगळ्यांसाठी मधला पट्टा. तिथल्या लिफ्ट जुन्या असतात, पार्किंगवरून कुरबुरी होतात, न्हाणीघरं लहान असतात. पण वर्षभरात शहर कळतं, आणि तिथून कुठल्याही बाजूला सरकणं सोपं जातं.

आगाऊ रक्कम देण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी त्या दारातून निघून ऑफिस गाठा आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी तिथेच परत या. जमलं तर दोन रात्री त्याच भागात कुठेतरी मुक्काम करा. आणि करारनाम्यात एक ओळ शोधा: किती महिन्यांच्या आत घर सोडता येणार नाही, आणि सोडलं तर अनामत रकमेतून किती कापणार. माझ्या त्या ट्रकवाल्या घराच्या करारात ते अकरा महिने होते. मी कानात बोळे घालून नऊ काढले, उरलेल्या दोनचं भाडं अनामत रकमेतून गेलं.