ब्रँडला गुण देणारं ‘गुड ऑन यू’ : ठाण्यात कितपत उपयोगी?

कपड्यांच्या ब्रँडना नैतिकतेचे गुण देणारं हे ॲप मूळचं ऑस्ट्रेलियातलं. कामगार, पर्यावरण आणि प्राणी अशा तीन बाजू तपासून १ ते ५ असा एकूण दर्जा मिळतो. ठाण्यातल्या विवियाना (आताचा लेक शोअर) किंवा वाशीच्या इनऑर्बिट मॉलमधल्या परदेशी साखळी दुकानांसाठी ते खरंच कामाचं आहे.

मात्र एकूण दर्जावर थांबू नका. तिन्ही गुण वेगळे वाचा, कारण प्राण्यांच्या बाबतीत चांगला ब्रँड मजुरीत कच्चा निघू शकतो. दर्जा कधी दिला तेही बघा. हा दर्जा ब्रँडचा असतो, हातातल्या कुर्त्याचा नव्हे. शिवाय तो जाहीर माहितीवरच ठरतो, त्यामुळे काहीच न छापणारा लहान कारखानदार नाहक मागे पडतो. हा दोष मोठा आहे. ठाण्याच्या राम मारुती रोडवरची दुकानं तर या ॲपवर शोधायलाच नकोत.

भारतीय कंपन्यांसाठी दुसरी वाट जास्त भरवशाची. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. तो शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यातल्या नऊ तत्त्वांपैकी तिसऱ्यात अपघात, पाचव्यात किमान वेतन, सहाव्यात पाणी-कचरा. कायम आणि कंत्राटी कामगारांचे आकडे शेजारी ठेवून वाचा. खरी तफावत तिथेच दिसते. वाचायला किचकट आहे, पण आकडे कंपनीने स्वतः दिलेले असतात, म्हणून त्यावर जाबही विचारता येतो.