जस्ताच्या नावाखाली चंदेरी रंग: 60 फुटी रेडिओ टॉवरच्या फसवणुकीचा अनुभव

कोकण किनाऱ्यावर हौशी रेडिओसाठी उंच टॉवर उभारण्याच्या विचारात जे कोणी असतील, त्यांनी ठेकेदाराच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठीच मी लिहीत आहे. माझा 60 फुटांचा टॉवर, त्यावरच्या तीन घटकांच्या यागी अँटेनासह (एका दिशेने रोखता येणारी आडव्या नळ्यांची अँटेना), मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात आडवा झाला. टॉवर, पाया आणि उभारणी यांचे मिळून 2,86,500 रुपये मी मोजले होते. अँटेनाचे 92,000, ती फिरवणाऱ्या रोटेटरचे 48,500, केबलचे 14,300 आणि पडताना मोडलेल्या शेजाऱ्यांच्या गडग्याचे व कौलांचे 23,750 धरले, तर एकूण 4,65,050 रुपये मातीत गेले. त्या वेळी अंगणात कोणी नव्हते, म्हणून जीव वाचले.

घरी येणारा प्रत्येक जण "वाऱ्यापुढे कोणाचे चालते?" असे म्हणतो आणि मला या एका वाक्याची विलक्षण चीड आली आहे, कारण पुढे सरकारी कागदावरही हेच वाक्य उमटले आणि त्यानेच माझा घात केला. त्याच संध्याकाळी शेजारच्या गोठ्याचे पत्रे जागच्या जागी राहिले, वाडीतली एकही पोफळ मोडली नाही. ते वादळ नव्हते. दर वर्षी पावसाआधी येतो तसा वारा होता, आणि असे वारे येणार हे गृहीत धरूनच टॉवर बांधायचा असतो. आपल्याकडच्या वाऱ्याच्या भाराच्या मानकात, म्हणजे आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आणि पणजीसाठी 39 मीटर दिलेला आहे, आणि आपला किनारा या दोन शहरांच्या मध्येच पसरलेला आहे. 39 मीटर म्हणजे ताशी 140 किलोमीटर, आणि त्या वेगाला एका चौरस मीटरवर साधारण 93 किलोचा दाब पडतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ही सगळी आकडेमोड मी त्या ठेकेदारासमोर बसून केली होती आणि त्याने मान डोलावून "सर, आपण 44 च धरू" असे उत्तर दिले होते.

एवढा उंच टॉवर हवाच कशाला, असेही अनेकांनी ऐकवले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि मुंबईतल्या चाकरमान्यांना गावच्या आईबापांची खबर दिवसेंदिवस कळली नाही. 2004 च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानातून बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवण्याचे काम पोर्ट ब्लेअरला असलेल्या हौशी रेडिओचालकांनी केले होते. आपल्या किनाऱ्यावरही अशा वेळी चालणारे एक केंद्र असावे, ही माझी इच्छा होती, आणि ती हौसेपुरती नव्हती. परवाना माझ्याकडे रीतसर आहे. सगळ्या कागदांत खोट फक्त त्या ठेकेदाराच्या कागदांत होती.

तो ठेकेदार आपल्याच हौशी रेडिओच्या मंडळींच्या फोनवरच्या गटातून माझ्यापर्यंत आला. अशा लोकांची रीत वाचकांना ठाऊकच आहे: दुसऱ्याच्या टॉवरचे फोटो, ज्येष्ठांची नावे घेऊन "त्यांचे काम मीच केले" असा दाखला, आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी आपल्या पद्धतीप्रमाणे 73, म्हणजे रेडिओचालकांच्या भाषेत "शुभेच्छा". जो 73 लिहितो तो आपल्यातला, असे आपण धरून चालतो, आणि नेमका त्याचाच त्याने उपयोग केला. ज्यांची नावे तो घेतो त्यांना त्याच दिवशी फोन करावा; मी टॉवर पडल्यावर एकांना केला, तर त्यांनी या माणसाचे नावही ऐकलेले नव्हते.

त्याचे कोटेशन व्यवस्थित टंकलेले होते. गंजू नयेत म्हणून गरम जस्तात बुडवलेल्या प्रत्येकी 10 फुटांच्या सहा तुकड्यांचे 1,38,000, स्टे वायर (टॉवरला तीन बाजूंनी धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारा), त्यांचा ताण कमीजास्त करणारे टर्नबकल आणि क्लॅम्प यांचे 31,500, पायाचे आणि तारा जमिनीत धरणाऱ्या तीन अँकरच्या ठोकळ्यांचे 54,000, उभारणीचे 38,000 आणि वाहतुकीचे 25,000. यांपैकी 1,75,000 आगाऊ मागितले. त्यातले 1,00,000 मी बँकेतून पाठवले आणि 75,000 रोख दिले. खाते भलत्याच नावाचे होते, ते "पार्टनरचे" आहे असे सांगण्यात आले. कोटेशनवर जीएसटी क्रमांकही छापलेला होता, आणि तो 29 ने सुरू होत होता. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक 27 ने सुरू होतो. 29 हा कर्नाटकाचा आकडा आहे. क्रमांक खरा की खोटा आणि तो कोणाच्या नावावर आहे, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. छापील क्रमांकावर सामान्य माणसाने विश्वास ठेवू नये, असे असेल, तर तो बिलावर छापण्याची सक्ती तरी कशासाठी आहे, हे मला कोणी सांगावे.

आता ज्या क्षणाने मला आजही झोप येत नाही, त्याबद्दल. टेम्पोतून तुकडे उतरवले तेव्हा अंगणभर रंगाचा वास पसरला. जस्ताला रंगाचा वास येत नाही. जस्ताचा मुलामा करडा, थोडा मळकट असतो, नव्या मालावर बर्फाच्या फुलांसारखी नक्षीही दिसू शकते. हे तुकडे मात्र देवळातल्या चांदीच्या प्रभावळीइतके झळाळत होते. मी एका आडव्या पट्टीवर हात फिरवला तर तळव्याला चंदेरी कण लागले. मी तिथेच विचारले. त्याचे उत्तर तयार होते: "सर, तुमच्याकडे खारी हवा. जस्तावर मुद्दाम अजून एक हात मारून आणलाय, पैसे वाढवले नाहीत." खाऱ्या हवेने गेलेली लोखंडी दारे-खिडक्या आपण जन्मभर पाहत आलो आहोत, त्यामुळे हे उत्तर पटण्यासारखेच होते, जस्तावर रंग देण्याची पद्धत खरोखरच आहे, आणि जाणकार माणूसही तेव्हा गप्प बसला असता. मुलाम्याचे प्रमाणपत्र मागितले तर त्याने फोनमध्ये कसलेसे दाखवले, पण त्यावरचा मालाचा क्रमांक या तुकड्यांवर कुठेही नव्हता. 2 ते 5 मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर चौरस मीटरला 460 ग्रॅम, म्हणजे साधारण 65 मायक्रॉन जस्त हवे, असे जस्ताच्या मुलाम्याचे मानक, आयएस 4759, सांगते. ते मोजणारे छोटे यंत्र कोणत्याही बऱ्या फॅब्रिकेटरकडे असते.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी, की ते यंत्रसुद्धा लागत नव्हते. पोफळीच्या कोळेरोगासाठी आपण बोर्डो मिश्रण फवारतो, त्याच्या मोरचुदाची पिशवी माझ्या माळ्यावर पडून होती. रंग खरवडून मोरचुदाच्या पाण्याचा बोळा लावला, तर खाली जस्त असल्यास डाग काळा पडतो आणि नुसते लोखंड असल्यास तांब्याचा लालसर थर चढतो. टॉवर पडल्यावर मी ही परीक्षा केली. जिथे जिथे बोळा लावला तिथे तांबे उमटले. 1,38,000 रुपयांना मला मुलामा नसलेल्या काळ्या पाइपांवर मारलेला रंग विकण्यात आला होता. माल टेम्पोतून उतरण्यापूर्वी ही परीक्षा करावी, आणि ठेकेदार "रंग खराब होईल" म्हणून अडवू लागला, तर टेम्पो तसाच परत पाठवावा.

पायाचीही हीच कथा. कोटेशनमध्ये साडेतीन फूट खोली लिहिलेली होती. खड्डे घेताना "खाली कातळ लागला, कातळापेक्षा मजबूत काय?" असे म्हणून त्याने काम थांबवले, आणि आमच्या सड्यावर कातळ लागतोच, त्यामुळे शंका घेण्याजोगे काही दिसले नाही. प्रत्यक्षात उपटून आलेला अँकरचा ठोकळा दीड फूटही खोल नव्हता आणि त्याच्याखाली होता तो भुसभुशीत जांभा. काँक्रीट ओतण्यापूर्वी खड्ड्यात मोजपट्टी धरून फोटो काढावा, मग ठेकेदाराला राग येवो.

स्टे वायरवरच असा टॉवर उभा असतो. पोलंडमधला 646 मीटर उंचीचा वॉर्सा रेडिओचा मनोरा 8 ऑगस्ट 1991 रोजी कोसळला तो ताणाच्या तारा बदलण्याचे काम चालू असताना. एकेकाळची जगातली सर्वांत उंच रचना तारांवरचा ताबा सुटताच जमिनीवर आली. माझ्या तारांच्या टोकांना तीन-तीन क्लॅम्प हवे होते, तिथे एकेकच होता, तोही उलटा: क्लॅम्पचे खोगीर भार घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर यायला हवा, इथे यू-बोल्टने भाराची तारच चेपलेली होती. तारेच्या वळणात बसवायचे थिंबल नव्हते. टर्नबकल सैल फिरू नये म्हणून त्यातून ओवायची तार नव्हती. जमिनीलगत अँकरची सळई गंजून बारीक झाली होती, कारण तिच्यावरही रंगच होता. हे सगळे जमिनीवर उभे राहून दुर्बिणीने दिसते. उरलेले 1,11,500 रुपये देण्यापूर्वी त्रयस्थ जाणकाराकडून ते तपासून घ्यावे.

ठेकेदाराला फोन केला तर "वारा काय माझ्या हातात आहे?" एवढे बोलून त्याने फोन बंद केला. त्यानंतर जे सुरू झाले ते फसवणुकीपेक्षाही जास्त संतापजनक आहे. पंचनाम्याला आलेल्या महसूल कर्मचाऱ्यांच्या नमुन्यात घर, गोठा, झाडे असे रकाने होते, टॉवरचा नव्हता. शेवटी शेरा लिहिला गेला तो "वादळी वाऱ्याने लोखंडी टॉवर कोसळला" असा. मी तुटलेली सळई त्यांच्यासमोर धरून "कारण लिहू नका, जे दिसते तेवढेच लिहा" अशी विनवणी करत होतो. तो शेरा पोलीस ठाण्यात पोहोचला आणि "नैसर्गिक आपत्ती आहे, तुमचा वाद दिवाणी आहे" असे सांगून माझी तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवण्यात आली. त्याच्या आधी बराच वेळ चौकशी झाली ती माझी: समुद्राकाठी वायरलेस कशासाठी, कोणाशी बोलता, यंत्र कुठून आणले. 1993 साली मुंबईतल्या बॉम्बस्फोटांची स्फोटके रायगडातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती, हे मलाही ठाऊक आहे, आणि किनाऱ्यावर दक्षता हवीच. पण परवाना समोर ठेवल्यानंतरही फिर्यादीला संशयितासारखे बसवायचे आणि 2,86,500 रुपये घेऊन गेलेल्या माणसाचा पत्तासुद्धा विचारायचा नाही, याला दक्षता म्हणत नाहीत. विमा कंपनीने त्याच पंचनाम्याकडे दुर्लक्ष केले आणि "बांधकामातला दोष" असे कारण देऊन दावा फेटाळला. म्हणजे पोलिसांच्या लेखी दोष वाऱ्याचा आणि विम्याच्या लेखी दोष ठेकेदाराचा, आणि दोन्हीकडे पैसे माझेच बुडाले. ग्राहक मदतवाहिनीच्या 1915 क्रमांकावरची तक्रार "संबंधित पक्षाशी संपर्क होऊ शकला नाही" म्हणून बंद झाली. ज्याचा संपर्क होत नाही, त्याच्याबद्दलच तर ती केली होती!

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तक्रार टपालाने थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 318, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली, मोरचुदाच्या परीक्षेचे फोटो आणि बँकेचा उतारा जोडून, नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मुदत दोन वर्षांची असते. पडलेले लोखंड कोणी कितीही सांगितले तरी भंगारात घालू नये. माझे तुकडे पडवीत रचून ठेवले आहेत, कारण तोच एकमेव साक्षीदार आहे.

हा माणूस नाव बदलून दुसऱ्या जिल्ह्यात काम शोधत असणार, अशी माझी खात्री आहे. 29 ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक, "पार्टनरचे" खाते आणि सहा तुकड्यांचे 1,38,000 असा मजकूर असलेले कोटेशन कोणाकडे आले असेल, तर त्याची प्रत मला पाठवावी. तशा दोन-तीन तक्रारी एकत्र जोडता आल्या, तर माझ्या प्रकरणाला दिवाणी वाद म्हणून परत पाठवणे पोलिसांना जड जाईल.