कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम, डरहॅम: सामना आणि त्यामागचा माणूस

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये कॉलेज बास्केटबॉलचा सामना पाहायचा, तर तिकिटापायी बरीच खटपट करावी लागते. पण ती पुरेपूर वसूल होते, हे आधीच सांगतो. बाहेरून ही वास्तू आवारातील इतर दगडी इमारतींसारखीच दिसते आणि तिची आसनक्षमता अवघी ९,३१४ आहे. मैदानालगतचे विद्यार्थी अख्खा सामना उभ्याने पाहतात. पाहुण्या संघाचा खेळाडू बाजूरेषेवरून चेंडू आत टाकायला उभा राहिला की त्यांची थरथरती बोटे त्याच्या पाठीपासून जेमतेम वीतभर अंतरावर असतात. ही जवळीक टीव्हीवर कळत नाही.

मला मात्र ही जागा अधिक भावली ती एडी कॅमेरॉन यांच्यामुळे. वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाकडून खेळलेले कॅमेरॉन १९२८ मध्ये ड्यूकच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९४२ पर्यंत त्यांच्या संघाने २२६ सामने जिंकले. या स्टेडियमचा पहिला आराखडा त्यांनी आणि ड्यूकचे फुटबॉल प्रशिक्षक वॉलेस वेड यांनी १९३५ मध्ये काड्यांच्या पाकिटावर काढला, अशी आख्यायिका आहे. ६ जानेवारी १९४० रोजी येथे पहिला सामना झाला आणि ड्यूकने प्रिन्स्टनला ३६–२७ असे हरवले. बांधकामाला चार लाख डॉलर लागले होते. त्याचे उरलेले कर्ज १९४५ च्या शुगर बोल या फुटबॉल सामन्याच्या कमाईतून फिटले, आणि तो सामना जिंकणाऱ्या ड्यूकच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षकही कॅमेरॉनच होते. इमारतीचे स्वप्न पाहणाऱ्यानेच तिचे कर्जही फेडावे, हे मला फार मोठे वाटते.

१९५१ ते १९७२ या काळात ते विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते. त्याच काळात, १९५९ मध्ये, नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचे माजी खेळाडू व्हिक ब्यूबस बास्केटबॉल प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी दहा हंगामांत संघाला तीनदा राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेले आणि पुढे ते ड्यूकचे उपाध्यक्षही झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी स्टेडियमला कॅमेरॉन यांचे नाव देण्यात आले, आणि त्याच दिवशी ड्यूकने आपला कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला ७६–७४ असे नमवले.

जवळच्या रॅले किंवा केरी शहरात मुलांकडे येणाऱ्या मराठी पालकांनी नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्याच्या मागे न लागता नोव्हेंबरमधला एखादा साधा सामना निवडावा, आणि वरच्या गॅलरीत बसावे. तिथून मैदान आणि विद्यार्थी दोन्ही नीट दिसतात.