वाचनालयाची दिवाळी अंक योजना : रहस्यकथा-भयकथावाल्यांना परवडते का?

नवरात्र संपत आलं की वाचनालयांच्या दारावर फलक लागतो : एकदा वर्गणी भरा आणि दिवाळी अंक वाचा. वर्गणी साधारण एक-दोन मोठ्या अंकांच्या किमतीइतकी, शिवाय परत मिळणारी अनामत. एका वेळी एक अंक, आणि मुदत डिसेंबर-जानेवारीपर्यंत, काही ठिकाणी त्याहून लांब. मिळेल ते वाचणाऱ्याला इतका स्वस्त सौदा दुसरा नाही. मात्र फक्त रहस्य, भय आणि गूढच लागतं, अशा वाचकाने पैसे भरण्याआधी थोडा हिशेब करावा.

समजा वर्गणी 600 रुपये आहे आणि अंक सरासरी 300 चा. दोन अंक वाचून झाले की पैसे वसूल. आठवड्याला दोन बदलले, तर दोन महिन्यांत सोळा अंक होतात. गोम इथेच आहे. ‘धनंजय’ किंवा ‘नवल’सारखे मुख्यतः या जातीच्या कथांवर उभे असलेले अंक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि वाचनालयात त्यांच्या प्रती दोन, फार तर तीन. जाडजूड अंक, बारीक टाइप. नोकरदार माणूस आठवडाभर सोडत नाही, घरात आणखी दोघं वाचणारे असले की दहा दिवस गेलेच. दोन प्रतींमागे आठ-दहा जणांचे नंबर लागले, तर शेवटच्याचा नंबर येईपर्यंत तुळशीचं लग्न होऊन महिना उलटलेला असतो.

म्हणून वर्गणी भरतानाच दोन गोष्टी विचारा : या अंकांच्या प्रती किती घेणार, आणि नंबर लावायची वही आहे का? वही नसेल, तर ‘आला की ठेवतो हं’ या आश्वासनावर विसंबू नका. अंक ठेवून घेण्याला दिवसांची मर्यादा आणि उशिराला दंड असेल, तर ती योजना चांगली समजावी. दंड नको वाटतो, पण अंक फिरता राहतो तो त्यामुळेच.

दुसरी अडचण प्रतीच्या अवस्थेची. जाड अंकाला बाजूने पिना असतात. त्या ढिल्या होतात म्हणून वाचनालयवाले दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवतात. अंक टिकतो, पण शिवणीलगतची दोन-तीन अक्षरं आत जातात आणि दोन्ही हातांनी फाकवून धरल्याशिवाय ओळ पुरी वाचता येत नाही. कादंबरी वाचताना हे चालून जातं. रहस्यकथेत नेमकं वेळापत्रक, पत्ता किंवा साक्षीदाराचं नाव शिवणीत अडकलं की झालं. त्याहून वाईट म्हणजे कापलेली पानं. राशिभविष्य किंवा पाककृती कुणीतरी कात्रीने नेते आणि त्या पानाच्या पाठीवर कथेचा शेवट असतो. अंक घेताना काउंटरवरच अनुक्रमणिका उघडून शेवटच्या दोन-तीन कथांची पानं तपासा. एक मिनिट लागतं. पेन्सिलीने समासात खुन्याचं नाव लिहून ठेवणारे महाभाग सगळ्याच गावांत असतात, त्यांच्यावर उपाय नाही.

विनोदी अंकांचं दुखणं निराळं. ‘आवाज’मधली खिडकीचित्रं म्हणजे उघडून बघायची कापीव पानं. वीस हात फिरल्यावर खिडकीचा पडदा उरेलच असं नाही. विनोदाची आवड असेल, तर असा अंक पहिल्या आठवड्यातच उचला. एरवी विनोदी अंक योजनेला सर्वांत सोयीचे : दोन संध्याकाळींत संपतात, म्हणून लवकर परत येतात.

विज्ञानकथेसाठी मात्र योजना खरोखर उपयोगी. ही कथा एका अंकात गठ्ठ्याने कमी सापडते. इथे एक, तिथे दोन, तीही एरवी गंभीर समजल्या जाणाऱ्या अंकांत. (मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 1974 साली नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेली कथा पहिली आली, तेव्हापासून संपादकांचा धीर वाढला असावा.) एका कथेसाठी 300 रुपये कोण घालणार? हे अंक कपाटात सहसा शिल्लकही असतात. उभ्या उभ्या अनुक्रमणिका चाळायची, कथा असेल तर घ्यायचा.

थोडक्यात, भयकथा-रहस्यकथांचा हुकमी अंक विकत घ्या, शक्य तर मित्राबरोबर निम्मे पैसे काढून, आणि बाकी सगळ्यांसाठी योजना. दोघांनी वेगवेगळे अंक घेऊन अदलाबदल केली तर आणखी उत्तम.

मुदत संपली की बरीच वाचनालयं हेच अंक रद्दीपेक्षा थोड्या चढ्या भावाने काढतात. जुन्या रहस्यकथांसाठी ही वेळ साधावी. फक्त राशिभविष्य जागेवर आहे ना, ते आधी बघा.