अंटार्क्टिकाला जायचंय, पण समर टीममधून की विंटर टीममधून?

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या आपल्या दोन्ही तळांसाठी ते शास्त्रज्ञांबरोबरच जनरेटर मेकॅनिक, वेल्डर, बॉयलर ऑपरेटर, इलेक्ट्रिशियन, सुतार आणि स्वयंपाकीही घेतं. यंत्रमाग आणि बॉयलरवर हात बसलेली माणसं सोलापुरात हवी तेवढी. त्यामुळे ‘आपल्याला कोण घेतंय’ म्हणून सोडून देऊ नका. डोकं लावायचं ते समरला जायचं की विंटरला, यावर.

तिथला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. समर टीम साधारण नोव्हेंबरात निघते आणि मार्चच्या आसपास परतते. विंटरवाले जातात त्याच सुमाराला, पण समरवाले निघाले की मागे राहतात. सगळं धरून चौदा-पंधरा महिने. सोलापुरी हिशेबात सांगायचं तर समरवाल्याचा एक गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा) हुकतो. विंटरवाल्याचे दोन, वर मधली दिवाळीही गेली.

सुरुवातीची तयारी दोघांची बरीचशी सारखी. वैद्यकीय तपासणी कसून होते, विंटरवाल्यांची मानसिक तपासणीही होते. मग उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या संस्थेत बर्फावर चालणं, दोर हाताळणं, भेगेत पडलेल्याला वर काढणं शिकवतात. औली अडीच हजार मीटरच्या वर, आपण साडेचारशेच्या आसपास. सिद्धेश्वर तलावाभोवती सपाटीवर चक्कर मारून दम वाढल्यासारखं वाटतं, तो औलीच्या पहिल्या चढाला संपतो. त्यापेक्षा पाठीवर दहा किलोची पिशवी टाकून चार मजल्यांचे जिने चढा-उतरा.

ध्रुवीय कपडे केंद्राकडून मिळतात, दुकानं पालथी घालू नका. आतले कपडे मात्र सुती नकोत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगाची ऊब खातं. चादरी-टॉवेलांच्या गावाला हे पचायला जड जाईल, पण इलाज नाही. बूट दोन मोज्यांवर घालून बघा आणि बोटं हलतात ना, तेवढं पाहा.

इथून पुढे वाटा वेगळ्या होतात. समरमध्ये उणे पाच ते शून्याच्या वरची हवा, चोवीस तास ऊन आणि कामाची घाई: सामान उतरवणं, इंधन भरणं, दुरुस्त्या. रात्र होत नाही, म्हणून झोपेची पट्टी आणि चांगला गॉगल हवाच. एखादा गंभीर आजारी पडला तर विमानाने केप टाउनला हलवण्याची शक्यता तरी असते.

विंटरला ती जवळजवळ संपते. मैत्रीवर सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, पारा उणे तीसच्या खाली जातो, वाऱ्यात दोन इमारतींमधलं अंतरही दोर धरून कापावं लागतं. तळावर माणसं वीस-पंचवीस. डॉक्टर असतात, पण दुखरी दाढ, जुना हर्निया, मूळव्याध यांचा निकाल सोलापुरातच लावून निघा. चष्म्याचे दोन जोड घ्या. जनरेटरवाल्याची परीक्षाही इथेच. वीज गेली की ऊब गेली आणि पाण्याच्या नळ्या गोठल्या. मैत्रीला पाणी प्रियदर्शिनी तलावातून येतं, भारतीला समुद्राचं पाणी गोडं करून. पाणी जपून वापरायला सोलापूरकराला कुणी शिकवायला नको; काही दिवसांआड येणाऱ्या नळाने ते केव्हाच शिकवलंय.

माझ्या मते विंटरची खरी तयारी घरी करायची असते. बँक खातं जोडीदाराच्या नावावर संयुक्त करा, मुखत्यारपत्र करा, विम्याचे आणि कर्जाचे हप्ते आपोआप कटतील असं बघा, घरपट्टीची पावती कुठे ठेवलीय ते सांगून ठेवा. पाण्याच्या पाळीला टाकी कोण भरणार, इथपर्यंत बोलून घ्या. उपग्रहामुळे फोन होतो, पण पाइप फुटला तर तुम्ही तिथून फक्त ऐकणार. आई-वडील आजारी असतील किंवा बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर समर. यात मला शंका नाही.

पैशाचं म्हणाल तर सातव्या वेतन आयोगानंतर सरकारी कर्मचाऱ्यांचा अंटार्क्टिका भत्ता समरला दिवसाला १५०० रुपये आणि विंटरला २००० रुपये झाला. कंत्राटी माणसाने मात्र आपल्या नोकरीच्या जाहिरातीतले आकडेच पाहावेत. वयाची धास्ती फार घेऊ नका: इस्रोच्या मंगला मणी छप्पन्नाव्या वर्षी भारतीवर गेल्या आणि ४०३ दिवस राहिल्या. पण कुलूप लावलेल्या खोलीत दोन दिवसांत जीव घाबरणाऱ्याने, तो पंचविशीतला का असेना, आधी एक समर करावा.

सामानात शेंगा चटणी नेणारच, तर बंद पाकिटातली घ्या आणि चालेल का ते आधी विचारा. माती, बियाणं किंवा जिवंत रोप तिथे न्यायला बंदी आहे. बुटांच्या तळव्यातली माती आणि पिशवीच्या वेल्क्रोत अडकलेली कुसळंही निघण्याआधी काढून टाकावी लागतात. शेतावर जाणाऱ्याने जुनी सॅक नेऊच नये.